फुटणे आणि निघून जाणे

मुतखडा बाहेरून लहरींचा मारा करून फोडण्याचा उपचार माणसावर प्रथम झाला तो फेब्रुवारी १९८० मध्ये, म्युनिकला. ख्रिस्तियन शॉसी आणि सहकाऱ्यांनी तो केला. यंत्र होते विमाने बांधणाऱ्या डॉर्निअर कंपनीचे! स्वनातीत विमानावर पावसाचे थेंब आदळले की काय घडते, या चौकशीतून त्याची कल्पना निघाली. रुग्णाला चक्क पाण्याच्या टबात बसवत.

मी डॉक्टर नव्हे. पण या विषयावरचे शोधनिबंध जमवून वाचताना एक प्रश्न मला टोचत राहिला. उपचार यशस्वी होईल की नाही हे आधी वर्तवता येते म्हणतात; ते यश नेमके कोणते?

अंदाजाची साधने चांगली आहेत. सीटी स्कॅनवर खड्याची घनता हाउन्सफील्ड एककांत मोजतात. या मापात पाणी म्हणजे शून्य. आकडा १००० च्या पुढे गेला की खडा दाद न देण्याची शक्यता वाढते. त्वचेपासून खड्यापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटरहून अधिक असले तरी तेच. खडा कशाचा, हेही महत्त्वाचे. सिस्टीनचा चिवट, ब्रशाइटचाही. कॅल्शियम ऑक्झलेटमध्ये पाण्याचा एक रेणू असलेला कठीण, दोन असलेला त्यामानाने ठिसूळ. आडनाव एकच, स्वभाव निराळे.

पण हे सारे मुख्यतः फुटण्याबद्दल. चुरा बाहेर पडणे ही वेगळी गोष्ट. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातला खडा फुटतो, पण त्याच्या तुकड्यांना आधी वर चढून मग मूत्रवाहिनीत उतरावे लागते. कप्प्याची मान लांब, अरुंद किंवा फार वळलेली असली की ते तिथेच बसतात. आणि कित्येक निबंधांत ४ मिलिमीटरपर्यंतचे तुकडे उरले तरी त्याला यशच म्हटले आहे! इतर काहींत कणही उरलेला चालत नाही. अशा दोन निबंधांतले टक्के शेजारी मांडणे मला फसवे वाटते. उरलेला तुकडा पुढे वाढू शकतो, अडकून कळाही आणू शकतो. तेव्हा कोणी टक्का सांगितला तर विचारावे: हा फुटण्याचा की निघून जाण्याचा? एका बैठकीनंतरचा की तिसऱ्या?

एक गोष्ट मात्र रुग्णाच्या शरीरावर नव्हे, यंत्र चालवणाऱ्यावर अवलंबून असते. मिनिटाला १२० ऐवजी ६० आघात दिले तर खडा अधिक चांगला फुटतो, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसले आहे. वेळ अर्थात दुप्पट लागतो.