सिगारेट सुटली, निकोटिनचे काय?

जुने कर्ज फेडायला नवे कर्ज मागणारे खातेदार मी बँकेत पुष्कळ पाहिले. व्याज कमी पडत असेल तर तो शहाणपणाच. पण माणूस कर्जमुक्त होत नाही. ई-सिगारेटचा हिशेब मला तसाच वाटतो.

२००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञांनी आजच्या धर्तीची ई-सिगारेट बनवली. ते स्वतः सिगारेट ओढत. वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. या साधनात तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर नाही. वाफ निरुपद्रवी नव्हे, पण धुराइतकी घातकही नव्हे. निकोटिन मात्र मिळत राहते.

ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडू पाहणाऱ्या ८८६ प्रौढांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेर ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगारेट सुटली होती; निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगगम वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्क्यांची. पण खात्याची दुसरी बाजूही पाहावी. पहिल्या गटात सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक तेव्हाही वाफ ओढतच होते. दुसऱ्या गटात पट्टी-गम चालू ठेवणारे ९ टक्केच.

तीस वर्षे धूर ओढलेल्याला हा सौदा फायद्याचाच. कधीच न ओढलेल्या मुलाने मात्र हे कर्ज काढावेच कशाला?

आपल्याकडे २०१९ मध्ये ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली. विडी-सिगारेट कोपऱ्यावर मिळतेच. घरात कुणाला ती सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा विनामूल्य क्रमांक आहे. तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा.