सोनोग्राफीचे शिक्षण : फी भरण्यापूर्वी

शास्त्र शाखेतून बारावी झालेल्या मुलामुलींना सोनोग्राफीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमास घालावे काय, असा प्रश्न हल्ली पुष्कळ पालकांना पडतो. जाहिराती मोहक असतात आणि फीही थोडीथोडकी नसते. माल न पाहता बयाणा देणारा व्यापारी आपल्यांत विरळाच; पण मुलांच्या शिक्षणात मात्र ही दक्षता आपण विसरतो, असे आम्हांस वाटते.

कानांस ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून आतील चित्र उभे करणे, ही सोनोग्राफी. अमेरिकेत हे काम डॉक्टर नसलेला, परंतु त्याच विद्येत तयार झालेला सोनोग्राफर करतो; निदानाचा अहवाल डॉक्टर देतो. प्रमाणपत्रासाठी १९७५ साली स्थापन झालेल्या ‘ए.आर.डी.एम.एस.’ या संस्थेच्या दोन परीक्षा असतात : एक ध्वनिलहरींचे भौतिकशास्त्र व यंत्र यांची, दुसरी उदर, प्रसूती, स्तन अशांपैकी निवडलेल्या विषयाची. पहिली उत्तीर्ण झाल्यापासून पाच वर्षांत दुसरीही व्हावी लागते. बहुतेक राज्यांत सरकारी परवान्याची सक्ती नाही. तरी प्रमाणपत्रावाचून चांगले इस्पितळ सहसा नोकरी देत नाही. परीक्षेस बसण्यापूर्वी रुग्णांवर प्रत्यक्ष काम केल्याचा पुरावा लागतो, आणि खरी मेख तेथेच आहे.

कारण भारतात हे काम तंत्रज्ञाच्या हाती दिलेले नाही. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला. त्यामागून १९९४ चा केंद्रीय कायदा आला व २००३ साली तो अधिक कडक झाला. यंत्र नोंदलेल्या केंद्रातच ठेवावे लागते आणि गर्भवतीची तपासणी ठराविक पात्रतेच्या डॉक्टरानेच करावयाची असते. नुसत्या एम.बी.बी.एस. डॉक्टरासही २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. कायदा मोडल्यास पहिल्याच अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा पदविका घेतलेल्या मुलास येथे स्वतंत्रपणे तपासणी करता येत नाही, आणि परदेशच्या परीक्षेस लागणारा अनुभवही सहजी मिळत नाही. यंत्रांचीच आवड असेल तर क्ष-किरण, सी.टी. व एम.आर.आय. शिकविणारा रेडिओग्राफीचा पदवी अभ्यासक्रम आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. तरीही सोनोग्राफीचाच आग्रह असल्यास, या प्रमाणपत्रावर कोणते काम कायद्याने करता येते, हे संस्थेकडून लेखी मागावे आणि ते हाती आल्यावरच फीचा पहिला हप्ता भरावा.