घुमेपणामागचं दुखणं

लग्नघरातही ज्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटत नाही, असे एक काका किंवा मावशी बहुतेक नात्यागोत्यात असतात. नोकरी होते, डबे भरले जातात, हप्ते फिटतात. मन मात्र कशातच लागत नाही. ‘स्वभावच घुमा,’ म्हणून घरचे मोकळे होतात. पुष्कळदा हा घुमेपणा म्हणजे वर्षानुवर्षं रेंगाळलेलं नैराश्य असतं. डॉक्टर त्याला ‘डिस्थायमिया’ म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत हे नाव १९८० साली आलं.

मोठ्यांमध्ये किमान दोन वर्षं, मुलांमध्ये एक वर्ष बहुतेक दिवस उदास जाणं, ही त्याची मुख्य खूण. जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता, आत्मविश्वास किंवा आशा यांतलं काही ना काही ढासळलेलं. मुलं उदास दिसण्याऐवजी चिडचिडी होतात. माणूस अंथरुणाला खिळत नाही, म्हणून दवाखान्यात कुणी नेत नाही. शिवाय ज्याचं हे कॉलेजपासून चालू आहे, त्याला बरं वाटणं म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. तो तक्रार तरी कशाची करणार? यातच कधी तीव्र नैराश्याचा झटका येतो आणि मग धावपळ सुरू होते.

आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यावं. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे दहाव्या दिवशीच ‘काही फरक नाही’ म्हणून त्या बंद होतात. बरं वाटलं, की ‘सवय लागेल’ ही भीती. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या एकदम सोडायच्याही नसतात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने, जुन्या दुखण्यात बऱ्याचदा त्याहून जास्त काळ, त्या चालू ठेवतात.

गोळ्यांइतकंच समुपदेशन महत्त्वाचं. ‘मूड आला की फिरायला जाईन’ असं म्हणणाऱ्याचा मूड येतच नाही. म्हणून आधी वेळ ठरवून चालायला लागायचं, मन मागून येतं. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकरवी हीच पद्धत वापरली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने तिचे चांगले निष्कर्ष छापले. ते रुग्ण अधिक तीव्र नैराश्याचे होते, हे खरं. पण पद्धत इथेही उपयोगी पडते.

घरच्यांनी ‘जास्त विचार करू नकोस’ हा सल्ला तेवढा आवरावा; सोबत चालायला जावं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर वाट पाहू नका. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ वर मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते.