तारापूरवर प्रकल्प लिहायचाय?

बोईसर-पालघरकडच्या कॉलेजात ‘तारापूर अणुऊर्जा केंद्र’ हा विषय कुणा ना कुणाच्या वाट्याला येतोच. विषय ओळखीचा नसला की पोरं मोबाइल उघडतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

‘आकडे जुळत नाहीत, म्हणजे कुठला तरी एकच खरा.’ केंद्राची क्षमता कुठे ४२० मेगावॉट, कुठे ३२०, कुठे १,४००. खरे तिन्ही आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातले. १९६९ मध्ये अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, प्रत्येकी २१० मेगावॉटच्या. पुढे त्यांची क्षमता प्रत्येकी १६० वर आणली. २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन देशी अणुभट्ट्यांची भर पडली. म्हणून आकडा टिपताना शेजारी साल टिपायचं. मजकुरात साल नसेल, तर तो आकडा सरळ सोडून द्यावा.

‘दहा ठिकाणी छापलंय, म्हणजे खरंच.’ तारापूर हे ‘आशियातलं पहिलं’ अणुवीज केंद्र, असं सर्रास लिहितात. जपानच्या तोकाई केंद्राची वीज १९६६ पासूनच मिळत होती. तारापूर भारतातलं पहिलं, आणि तेवढं मोठेपण पुरेसं आहे! या दहा ठिकाणांनी बहुधा एकमेकांचंच उतरवलेलं असतं. विकिपीडियाचंही तेच: वाचायला हरकत नाही, पण हात घालायचा तो खालच्या तळटीपांत.

मुखपृष्ठावर वाफ सोडणारे अजस्र मनोरे चिकटवण्याची तर प्रथाच आहे. तारापूरला तसे मनोरे नाहीतच. तिथे थंडाव्याला समुद्राचं पाणी वापरतात.

आता नावाचं. तारापूर गाव वेगळं, त्याच नावाची एमआयडीसी बोईसरला, आणि तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत घेतला. नुसतं ‘तारापूर’ शोधलं की किल्ला, कारखाने आणि अणुभट्ट्या एकाच ताटात येतात.

‘पालघर जिल्ह्याची जुनी माहितीच मिळत नाही,’ ही तक्रार शेवटी येतेच. मिळणार कशी? हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. २०११ च्या जनगणनेत हा सगळा भाग ठाण्यात आहे आणि १८८२ च्या गॅझेटियरमध्येही ठाण्यातच. ग्रंथपालांकडे ‘ठाणे’ मागा, कपाट उघडेल.