उन्हाळा आणि उदासीनतेवरील गोळ्या



ऊस पानांतून पाण्याची वाफ सोडून उन्हात तग धरतो. पाणी तुटले की पाने सुरळी करतात, हे आपणांस सांगायला नकोच. माणसाचेही तसेच आहे. घाम येऊन तो वाळला, तरच अंग थंड राहते. हे गणित बिघडले की उष्माघात होतो.

दि. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल तालुक्यात खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. त्यात उष्माघाताने १४ माणसे दगावली. पनवेल-उरण-करंजा हा खाडीकाठचा पट्टा. तिथे पारा विदर्भाइतका चढत नाही, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. उसाला भरपूर पाणी दिलेल्या फडातही वारा कोंडतो आणि हवा दमट होते. तेव्हा "आपल्याकडं कुठं एवढं ऊन?" असे म्हणून गाफील राहू नये.

आता मुद्द्याचे. काही सभासदांच्या घरी उदासीनतेच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, गोळ्या चालू असतात. रक्तदाबाची गोळी तशीच ही. लाजण्याचे कारण नाही. मात्र अशा माणसाने उन्हात जास्त जपावे. अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन या जुन्या गोळ्यांनी घाम कमी येऊ शकतो व अंगातील उष्णता कोंडते. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी काहींना उलट घाम फार येतो. वयस्कर माणसांत, विशेषतः लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळीही चालू असेल तर, रक्तातील सोडियम घटू शकते. मनाच्या आजारावर लिथियम चालू असेल, तर अंगातले पाणी आटल्यावर ते रक्तात साचून विषबाधा होते. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणे ही तिची लक्षणे होत.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) गोळी आपल्या मनाने बंद करू नये. एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी येते आणि आजार उलटतो. उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

२) खुरपणी, खत, पाणी देणे ही कामे सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावीत. १२ ते ३ सावलीत थांबावे.

३) तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. घाम फार गेल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घ्यावे. लिथियम चालू असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे. दारू वर्ज्य करावी.

४) गोळ्या ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा पत्र्याच्या खोपीत ठेवू नयेत, घरात थंड, कोरड्या जागी ठेवाव्यात.

५) रानात एकटे जाऊ नये. गोळी चालू असल्याचे सोबतच्या एका तरी माणसाला ठाऊक असावे. वेळ आली तर डॉक्टरांना तोच सांगणार.

अंग तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर ताबडतोब १०८ ला फोन करावा. सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, हे विसरू नये.

मनाच्या त्रासाबद्दल बोलायचे असल्यास 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

पिकाला पाण्याची पाळी चुकू देत नाही, तशी घरच्या माणसाची गोळी आणि पाणी दोन्ही चुकू देऊ नये, ही आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी