बातमी वाचून झाली, आता बोलू या!

शाळेची घंटा होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष... आणि मग येतात ‘आजच्या ठळक बातम्या’. दोन वेण्या घातलेली एखादी मुलगी वही घेऊन पुढे येते आणि एका दमात सगळं वाचून टाकते. कुठल्याशा देशात युद्ध पेटलं, कुठे भूकंप झाला, कुठे सरकार पडलं आणि आपण क्रिकेटचा सामना जिंकला. ‘बातम्या संपल्या’ म्हणताना तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद असतो! मग बोधकथा, मग हजेरी. शिरूर असो की दौंड, आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधला परिपाठ साधारण असाच असतो.

मैत्रिणींनो, रोज सकाळी मुलांच्या कानावर जगाच्या बातम्या पडतात, ही खरं तर केवढी चांगली सोय! पण ज्या देशात युद्ध पेटलं तो देश नकाशात कुठे आहे? भांडण कशावरून आहे? त्याचं आपल्याला काय? हे विचारायला वेळच नसतो. बातमी वाचली जाते, तिच्यावर बोललं जात नाही. आणि सगळी गंमत तर बोलण्यातच आहे.

‘अहो, पोरांना कशाला हवंय जगाचं? आधी पाढे येऊ देत,’ असं आपल्यातलीच एखादी म्हणेल. पण जग काही आपल्याला विचारून घरात येत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युक्रेन कुठे आणि आपला शिरूरचा आठवडे बाजार कुठे! पण आपण सूर्यफुलाचं तेल मुख्यतः बाहेरून आणतो आणि त्यातलं सगळ्यात जास्त युक्रेनमधून येत होतं. तिकडची बंदरं बंद पडली आणि इकडे किराणा दुकानात तेलाची पिशवी महागली. पाठोपाठ २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. तिथेही तेल महागलं होतं, तेव्हा आधी आपल्या माणसांना स्वस्त मिळू दे, असा त्यांचा हिशेब. सुमारे साडेतीन आठवड्यांनी ती बंदी उठली. तोवर आपल्याकडे बायका ‘आता तळण कमीच करायचं’ म्हणत होत्या.

आता दुसरी बाजू बघा. ८ डिसेंबर २०२३ला आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. कारण तेच, आपल्या लोकांना कांदा स्वस्त मिळावा. मग केडगावच्या बाजारात भाव पडला आणि कांदा उत्पादकांच्या घरातला हिशेब कोलमडला. ४ मे २०२४ला अटी घालून बंदी उठवली, तोवर अनेकांचा माल कमी भावात गेला होता. आणि आपल्याच कांद्याची वाट बघणाऱ्या बांगलादेशातल्या बाईला तो महाग घ्यावा लागला.

ही एवढी एक बातमी सातवीच्या वर्गात ठेवून बघा! एका बाकावर कांदा पिकवणाऱ्या घरातली मुलगी बसलेली असते. शेजारच्या मुलीची आई रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जाते आणि भाजी विकत घेते. एकीला भाव चढलेला हवा, दुसरीला उतरलेला. दोघींचंही खरंच आहे! मग बाईंनी हळूच विचारायचं, ‘इंडोनेशियाने तेल अडवलं तेव्हा आपल्याला राग आला होता ना? मग आपण कांदा अडवला, तेव्हा ढाक्यातल्या बाईला काय वाटलं असेल?’ वर्ग क्षणभर गप्प होईल. ती शांतता लाखमोलाची. समोरच्याच्या जागी उभं राहून बघायचं असतं, हे मुलांना तिथे कळतं. ते काही फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

यात मुलींचा तर दुहेरी फायदा. आपल्या घरात पेपर आधी कुणाच्या हातात जातो? पारावर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर देशाचं आणि जगाचं राजकारण रंगतं, तिथे बायका किती असतात? घरात पुरुष मंडळी बोलायला बसली की ‘जा गं, चहा टाक’ म्हणून मुलीला उठवलं जातं. ती चहा घेऊन येते तोवर विषय संपलेला असतो. वर्गात मात्र तिची पाळी आली की सगळ्यांना ऐकावंच लागतं. ‘मला असं वाटतं’ हे शब्द चारचौघांत उभं राहून म्हणायची सवय तिला तिथे लागते. उद्या ग्रामसभेत किंवा सासरच्या घरात ती सवय उपयोगी पडते, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

आणि मैत्रिणींनो, बाईने जगाबद्दल बोलणं ही दौंड तालुक्याला नवी गोष्ट नाही बरं का! पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि १८८६ साली तिथून अमेरिकेला. बायकांनी उंबरा ओलांडला तरी बोभाटा व्हायचा, तो हा काळ. अमेरिकेत त्यांनी तिथल्या शाळा, संस्था, राज्यकारभार आणि बायकांची स्थिती डोळसपणे पाहिली. परत आल्यावर १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिलं, आणि तेही मराठीत! आपल्या माणसांना दुसरा देश कळावा, म्हणून. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात आधार तुटलेल्या मुली आणि विधवा यांना त्यांनी आपल्याकडे आणलं. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं. तिथे छापखाना होता आणि खिळे जुळवण्यापासूनची कामं मुली करत. ज्यांना अक्षरओळख करून देणंही पाप मानलं जाई, त्यांच्या हातात शिशाची अक्षरं! ५ एप्रिल १९२२ला रमाबाई केडगावलाच गेल्या. कांद्याच्या बाजाराचं गाव म्हणून आपण केडगाव ओळखतो. त्याच गावाची ही ओळखही आपल्या लेकींना सांगायला हवी.

आता अलीकडचं उदाहरण. दौंड जंक्शनवरून सोलापूरकडे जाणारी गाडी कुर्डुवाडीला पोचली की माढा तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२०ला ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं. दहा लाख डॉलरचा पुरस्कार! त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे बऱ्याच जणींना आठवत असेल. पण त्यांचा एक उपक्रम आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे. ज्या देशांचं आपसात पटत नाही, तिथल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतं केलं. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक, अमेरिका आणि उत्तर कोरिया! सहा आठवडे दोन बाजूंच्या मुलांची जोडी जमवायची, आणि त्यांनी एकमेकांना समजून घ्यायचं. बातमीत ज्याला ‘शत्रू’ म्हणतात, त्यालाही गणिताचा कंटाळा येतो आणि आईच्या हातचं आवडतं, हे कळलं की मनातली अढी थोडी तरी सैल होते ना?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला छान आहे, पण एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं उत्तर जरा कडू आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे निरोप तेव्हा मोबाईलवर फिरत होते. गावात आलेले भिक्षेकरी म्हणजेच ती टोळी, असं समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी आलेली होती. असा निरोप आपल्याही मोबाईलवर येतो आणि आईचं काळीज लगेच धडधडतं. ‘पुढे पाठवा’ लिहिलेलं असतं, आपण पाठवून मोकळ्या होतो. ‘हे कुणी सांगितलं? त्यांनी स्वतः पाहिलं का?’ हे दोन प्रश्न विचारायची सवय किती जणांना असते?

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? १ जानेवारी २०१८ला आपल्या शिरूर तालुक्यातच कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर परिसरात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. अशा वेळी खरं-खोटं सगळंच फिरत राहतं आणि घराघरांत आपापल्या बाजूचंच बोललं जातं. पण शाळा उघडली की वेगवेगळ्या घरांतली मुलं पुन्हा एकाच बाकावर बसतात. त्यांनी काय करायचं? गप्प राहायचं, की एकमेकांवर ओरडायचं?

म्हणून जगाच्या बातमीवर बोलायला हवं. युक्रेन किंवा इंडोनेशिया यांच्यावर बोलताना कुणाच्या घरावर बोट जात नाही. तिथे मुलांना आधी ऐकायचा, मग बोलायचा सराव होतो. ‘तुझं मला पटत नाही, पण तू सांग’ असं म्हणता येऊ लागतं. मग कधी आपल्याच वेशीवर काही पेटलं, तर हा सराव कामाला येतो. घर पेटल्यावर विहीर खणत बसू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ही विहीर आधीच खणून ठेवायची आहे.

यासाठी संगणकाची खोली लागत नाही की इंग्रजी लागत नाही. भिंतीवरचा जगाचा नकाशा, एक पेपर आणि दहा मिनिटं एवढं पुरे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत आठवड्यातली एकच बातमी निवडायची आणि चार प्रश्न विचारायचे. हे कुणी सांगितलं? हे नकाशात कुठे आहे? यात कुणाचं भलं आणि कुणाचं नुकसान? आपल्या गावाशी याचा काय संबंध? एकच नियम, दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

हे शाळेला सुचवायचं कुणी? अहो, आपणच! २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्या नुसत्या सहीपुरत्या नाहीत. पुढच्या बैठकीत खिचडी आणि गणवेश यांच्याबरोबर हा विषयही मांडा.

घरीही सुरुवात करता येते. भाकरी थापता थापता विचारा, ‘आज परिपाठात कुठली बातमी होती गं?’ तुम्हाला त्यातलं काही माहीत नसलं तरी चालेल. मुलीला समजावून सांगू दे. समजावताना तिचं तिलाच कळेल कुठे अडतंय ते. आणि घरात आजी असतील तर त्यांनाही बोलतं करा. १९७२च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, ती मिलो, तिची भाकरी कशी व्हायची ते सांगतील. जगाची बातमी आपल्या चुलीवर कधीपासून शिजतेय, हे नातवंडांना त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगणार?

उद्या सकाळी पेपर आला की तो आधी लेकीच्या हातात द्या. आणि तिने वाचून खाली ठेवला, की एवढंच विचारा, ‘मग, तुला काय वाटतं?’