‘गेला होता’ आणि ‘गेल्ता’

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या मावळी घरांत ‘तो बाजाराला गेला होता’ असे फारसे कुणी म्हणत नाही. ‘बाजाराला गेल्ता’ म्हणतात. शाळेच्या वहीत हाच शब्द लाल शाईने खोडला जातो. कानाला तो घाईत मोडलेला वाटतो, पण त्याची मोडणी शिस्तीची आहे. ‘गेली होती’चे ‘गेल्ती’, ‘गेलं होतं’चे ‘गेल्तं’, ‘गेले होते’चे ‘गेल्ते’. लेखी रूपात लिंग-वचनाची खूण दोनदा येते, एकदा ‘गेला’वर आणि पुन्हा ‘होता’वर. बोलीने पहिली गाळली आणि शेवटची राखली. अर्थ कुठेच सांडला नाही. ‘करतो आहे’चे ‘करतोय’ आणि ‘आला आहे’चे ‘आलाय’ हीदेखील अशीच जोडरूपे, आणि ती पुण्यातल्या सुशिक्षित घरांतही चालतात. इंग्रजीतही ‘डू नॉट’चे ‘डोन्ट’ संभाषणात सर्रास येते आणि शास्त्रीय लेखनात क्वचित. असे फरक दाखवत भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली बोली आणि लेखी इंग्रजीचे व्याकरण एकाच ग्रंथात शेजारी शेजारी मांडले.

दुसरा फरक शब्दाच्या शेवटचा. लिहिताना ‘मूल गेले’, बोलताना ‘मूल गेलं’. पूर्वी नपुंसकलिंगी रूप ‘गेलें’ असे अनुस्वार देऊन लिहीत, त्यामुळे ‘मूल गेलें’ आणि ‘पाहुणे गेले’ वेगळे दिसत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली, पण कागदावर दोन्ही रूपे एक झाली. बोलण्यात मात्र ‘गेलं’ आणि ‘गेले’ हा भेद शाबूत आहे. इथे बोली लेखी भाषेपेक्षा नेमकी आहे, हे मान्य करायला हवे.

उलट उदाहरणही आहे. प्रमाण लेखनात ‘मी जाईन’ आणि ‘तो जाईल’. बोलताना अनेकजण दोन्हीकडे ‘जाईल’च वापरतात. मग क्रियापदावरून कर्ता कळत नाही आणि ‘मी’ म्हणावेच लागते. ‘जाईन’ म्हटले की ‘मी’ गाळला तरी चालतो.

सर्वांत मोठा फरक वाक्याच्या बांधणीत आहे. पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावर तरव्याचे, म्हणजे भाताच्या रोपांचे, बोलणे असे असते: ‘उपटला का रं तरवा सगळा?’ ‘उपटलाय की. अन् लावलाय बी निम्मा.’ हीच माहिती अहवालात गेली की ‘तरवा उपटण्यात आला असून निम्म्या क्षेत्रावर लावणी पूर्ण झाली आहे’ अशी होते. बोलताना क्रियापद पुढे येते आणि उरलेले शब्द त्याच्या मागे लागतात. ‘रं’, ‘की’, ‘बी’ ही छोटी अव्यये बोलणाऱ्याचा सूर वाहतात, आणि वाक्ये ‘अन्’ने सुटी जोडली जातात. लेखी वाक्य ‘असून’ने एकात एक गुंफले जाते, क्रियापद शेवटी जाते आणि ‘-ण्यात आला’ या रचनेत तरवा कुणी उपटला तेच नाहीसे होते. सरकारी सूचनांतल्या ‘कळविण्यात येते की’ मध्येही कळवणारा असाच दिसेनासा होतो. ही रचना लेखी मराठीची गरज नाही, सवय आहे.

लेखी भाषेशी या मुलखाचे नाते जुने. भोरचे संस्थानिक पंतसचिव. शिवकालीन अष्टप्रधानांत सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, काम राजपत्रे तपासून त्यांतले अधिकउणे दुरुस्त करण्याचे होते. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद शंकराजी नारायणांकडे आले, आणि भोर १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत त्यांच्या घराण्याकडे राहिले. पत्रातल्या अक्षराअक्षराची जबाबदारी कुणावर तरी असावी, हा विचार तेव्हाही होता. तो योग्यच होता, कारण पत्र वाचणाऱ्यासमोर लिहिणारा उभा नसतो. बोलताना बांधाकडे बोट दाखवून जे भागते, ते कागदावर शब्दांतच सांगावे लागते.

महामंडळाच्या नियमांनाही बोली वर्ज्य नाही. कथा-कादंबरीतल्या पात्राच्या तोंडची भाषा उच्चारानुसार लिहिण्याची त्यांत मुभा आहे. तेव्हा निबंधात ‘गेल्ता’ आले तर शिक्षकांनी तिथे ‘गेला होता’ जरूर लिहायला लावावे, पण समासात ‘चूक’ असा शेरा न मारता ‘हे बोलण्यातले रूप’ एवढे लिहावे.